चुलीला छप्पर

आमच्या नव्या घरात आठ फुटांचा काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आहे, खाली ट्रॉल्या आहेत, वर विजेची चिमणी आहे. आणि आई भाकरी परसात, ताडपत्रीखाली करायची.

घर २०२२ साली बांधलं. अण्णांची सोसायटीची कर्जमर्यादा, दादाचे टोमॅटोचे एका बऱ्या हंगामातले पैसे आणि माझ्या नोकरीवर निघालेलं कर्ज, असं मिळून ते उभं राहिलं. जुन्या घरात चूल आत होती. भिंती काळ्या, कौलांतून उन्हाच्या काठ्या खाली येताना त्यांत धूर फिरताना दिसायचा. नव्या घरात चूल आत नको यावर सगळ्यांचं एकमत होतं, आईचंसुद्धा. "रंग लावलेल्या घराला कशाला काळं फासायचं," असं तीच म्हणाली होती. वास्तुशांत झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिनं घराच्या मागच्या बाजूला तीन दगड मांडले. महिनाभरात तिथे माती, शेण आणि भुसा मळून केलेली नीट चूल झाली, बाजूला वैल झाला, चार बांबू आले आणि त्यांवर निळी ताडपत्री.

"गॅस आहे की," हे मी तिला किती वेळा म्हटलं असेल. पण ती चुलीवर काय काय करते ते एकदा मोजलं आणि गप्प बसले. पाच माणसांचं अंघोळीचं पाणी. दोन वेळच्या भाकऱ्या. वैलावर मंद तापणारं दूध. पाहुणे आले की मासवडीचा रस्सा. एवढं सगळं १४.२ किलोच्या सिलिंडरवर टाकलं तर तो किती दिवस पुरेल, हा हिशेब आईनं कधीच केला होता. सरपणाला पैसे पडत नाहीत, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्याच गाडीभर निघतात. आणि बाजरीची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यासमोर उभी केली की जशी फुगते तशी ती गॅसच्या जाळीवर फुगत नाही. हे माझं मत नाही, वहिनीचं आहे, आणि ती गॅसवाली आहे.

मी पुण्यात हिंजवडीला असते. २०२३च्या पावसाळ्यात घरी व्हिडिओ कॉल केला की मागे ताडपत्रीचा फडफडाट आणि आईचा खोकला हे दोन आवाज ठरलेले असायचे. ताडपत्रीत पाणी साचून पोट आलं की ती खालून काठीनं ढोसायची, मग ते पाणी नेमकं सरपणावर. ओलं सरपण जळत नाही, नुसतं धुमसतं. दिवाळीला गेले तेव्हा तिला नारायणगावला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फुंकायला लावून तपासणी केली आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात बिडी-सिगारेट कोणी ओढतं का?" आणि दुसरा, "चूल आहे का?" इनहेलर लिहून दिला आणि म्हणाले, धूर बंद करा.

रात्री मी वाचत बसले. पुण्याचेच डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांचा २००९ सालचा 'लॅन्सेट'मधला लेख सापडला. विषय असा, की ज्यांनी आयुष्यात तंबाखू ओढली नाही त्यांनाही सीओपीडी का होतो. उत्तरांत चुलीचा धूर अगदी वरच्या जागी होता. मी ते आईला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी साडेपाचला उठून चूल पेटवली.

मग मी ठरवलं, चूल बंद होणार नसेल तर तिची जागा नीट करू.

माझा एक वर्गमित्र सिएटलला आहे. त्यानं घरामागच्या लाकडी डेकवर स्वयंपाकघर केलंय, वर पारदर्शक पत्रे, खाली स्टीलचे ओटे, मधोमध ग्रिल. त्याच्याकडून फोटो आणि मापं मागवली. सिएटल पावसाचं गाव म्हणून प्रसिद्ध, तेव्हा तिथे चालतं ते इथे चालेलच, असा माझा सरळ हिशेब. तो हिशेब चुकीचा होता. तिथे वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, खोडदला त्याहून कमीच. पण तिथला पाऊस म्हणजे महिनोन्‌महिने चाललेली भुरभुर. आमच्याकडे तोच पाऊस चार महिन्यांत येतो, आणि त्यातला महत्त्वाचा भाग चाळीस मिनिटांत. शिवाय तिथे कोणी रोज दोनदा लाकडं जाळत नाही.

तरी मी लॅपटॉपवर नकाशा काढला. घराच्या मागे, पश्चिमेला, दहा बाय बारा फूट. बत्तीस इंच उंचीचा कडप्प्याचा ओटा, त्यावर एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला गॅसची शेगडी. पत्र्याचा उतार पश्चिमेकडे. तीन कोनांतून चित्रं. आईनं मोबाइलवर ती बोटानं मोठी करून पाहिली.

"मी बसू कुठं?"

"उभं राहून करायचं. पाठ दुखणार नाही."

"भाकरी उभ्यानं थापतात व्हय?"

गॅसची शेगडी मीच काढून टाकली. वाऱ्यानं बर्नर विझला आणि वास कोणाच्या लक्षात आला नाही तर काय, याचं मला उत्तर नव्हतं. राहता राहिली चूल.

आजी कॉटवर बसून ऐकत होती. तिला चित्रात रस नव्हता. तिनं विचारलं, "पाऊस कुठून धरलाय?" मी म्हटलं, पश्चिमेकडून. मग तिनं मला नक्षत्रं सांगितली, कॅलेंडरमधली नव्हेत, तिच्या परसातली. मृग-आर्द्रेचा पाऊस वाऱ्याबरोबर मावळतीकडून येतो. पुनर्वसू आणि पुष्य, तिच्या भाषेत तरणा आणि म्हातारा, हे सरळ उभे पडतात, त्यांना नुसतं छप्पर पुरतं. पण हत्तीचा पाऊस, म्हणजे हस्त नक्षत्राचा, दुपारनंतर उगवतीकडून अंधारून येतो आणि ओसरीत शिरतो. आणि या सगळ्यांच्या आधी मे महिन्यातला वळीव, ज्याला दिशाच नसते, तो आधी पत्रे उडवतो आणि मग पडतो.

हवामान खात्याच्या भाषेत हा नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि परतीचा पाऊस. मला दोन्ही शब्द शाळेपासून पाठ होते. त्यांचा अर्थ एका छपराला दोन बाजूंनी पाणी येणार, असा होतो हे मात्र लक्षात आलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी परसात आईजवळ बसले होते. सहा वाजून गेले होते, दिवस लहान. ती पूर्वेला, म्हणजे घराच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या पाठीमागे पंधरा-वीस पावलांवर शेजाऱ्यांचा ऊस. भाकरी थापताना ती दर दोन-तीन मिनिटांनी मान वळवून मागे पाहत होती. ते पाहणं इतकं सवयीचं झालं होतं की थापणं थांबत नव्हतं.

जुन्नर तालुक्यात राहणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे बिबटे उसात राहतात, उसातच पिल्लं घालतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. विद्या अत्रेय यांनी २००३च्या सुमारास याच भागातून या प्रश्नाचा अभ्यास सुरू केला आणि दाखवून दिलं, की बिबटे पकडून दुसरीकडे सोडले तर जिथे सोडले तिथे हल्ले वाढतात. म्हणजे उचलून नेणं हा उपाय नाही, त्यांच्याबरोबर राहायचंय. राहण्याचे नियम वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात: अंधारात एकटं जाऊ नका, उजेड ठेवा, बोलत राहा, उघड्यावर वाकून किंवा खाली बसून काम करू नका. बसलेला माणूस उंचीला शेळीएवढा दिसतो.

आई रोज, अंधार पडताना, उसाकडे पाठ करून, खाली बसत होती.

"मग इकडं तोंड करून बस ना," मी म्हटलं. ती उठली, चुलीच्या पलीकडे पाट टाकला आणि घराकडे पाठ करून बसून दाखवलं. पश्चिमेचा वारा होता. दोन मिनिटांत धूर तिच्या तोंडावर आणि ती खोकायला लागली. "बघ," ती म्हणाली, "एक तर धूर नायतर त्यो." बिबट्याचं नाव ती संध्याकाळी घेत नाही.

मी अभियांत्रिकीची पदवी घेतलेली आहे, आणि ही साधी गोष्ट मला दीड वर्षात दिसली नव्हती. कारण मी प्रश्न पावसाचा धरला होता. माझ्या नकाशात छप्पर, उतार, ओटा सगळं होतं. माणूस कुठे तोंड करून बसणार ते नव्हतं.

त्या रात्री नकाशा फिरवत राहिले. पश्चिमेला जागा धरली की एकही रचना जमेना. बसणाऱ्याच्या पाठीला भिंत हवी. वारा त्याच्या पाठीमागून यायला हवा, म्हणजे धूर पुढे जाईल. पुढे मोकळं हवं, नाहीतर धूर आदळून परत येईल. आणि आईला पूर्वेकडेच तोंड हवं, दक्षिणेला तोंड करून ती स्वयंपाक करणार नाही. या सगळ्या अटी घराच्या मागे पुऱ्या होत नव्हत्या, कारण तिथे पूर्वेला घरच आडवं होतं. घराच्या उत्तरेच्या बाजूला मात्र सगळ्या एकदम जमत होत्या. पश्चिम टोकाला एक भिंत, तिला पाठ लावून आई, समोर चूल, चुलीच्या पुढे थेट अंगण आणि रस्ता.

उत्तरेची बाजू रिकामीच होती. दादा पुढेमागे चारचाकी घेणार होता, तिची जागा. पण खरी अडचण गाडीची नव्हती. ती बाजू रस्त्यावरून दिसते.

अण्णा म्हणाले, "लोक घर बघायला येतात. पुढं चूल दिसायची का?"

"अण्णा, तुम्ही तिथली भाकरी खाता ना?"

"खातो. म्हणून दारात मांडायची व्हय? शेड मागंच कर, चांगलं कर, पैसे मी देतो."

मी आवाज चढवला, त्यांनी चढवला. मला जे बोलायचं नव्हतं तेही बोलून गेले, की कर्जाचा हप्ता माझ्याही खात्यातून जातो. मुलीनं माहेरच्या घरात हे म्हणायचं नसतं. अण्णा उठून गोठ्याकडे गेले. दोन दिवस आम्ही एकमेकांशी धाकट्या माणसांमार्फत बोललो, आणि घरात धाकटी मीच असल्यामुळे ते फार अवघड गेलं.

त्या दोन दिवसांत मला कळलं, की चूल मागे गेली ती पावसामुळे किंवा जागेमुळे नाही. नव्या घराला ती शोभत नव्हती. ताडपत्री, ओलं सरपण, पाठीमागचा ऊस, हे सगळं त्या एका गोष्टीमागून आलं. आणि मी तरी काय वेगळं करत होते? माझ्या तीन कोनांतल्या चित्रांतही घराचा पुढचा भाग कोराच होता.

वाद वहिनीनं मिटवला. ती अण्णांना एवढंच म्हणाली, "सांजचं पाणी तापवायला आता मला जावं लागतं, आत्यांना दम लागतो म्हणून. मला मागं भीती वाटते." अण्णांनी दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. सुनेचं ऐकलं, लेकीचं नाही, हे मी लक्षात ठेवलेलं आहे.

काम मे २०२४मध्ये केलं. जोतं दीड फूट उंच, वर शहाबादी फरशी, मुद्दाम खरबरीत, उतार उत्तरेला. पश्चिमेची भिंत साडेचार फूट विटांची आणि तिच्यावर छपरापर्यंत वेल्डमेश जाळी. उत्तरेची बाजू जोत्यापासून वरपर्यंत पूर्ण जाळीची. पूर्वेलाही जाळीच, तिच्यात दार.

जाळीची कल्पना सुचायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. आमच्या गच्चीवरून जीएमआरटीच्या तबकड्या दिसतात. जगात खोडदचं नाव आहे ते या दुर्बिणीमुळे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ खोडदच्या आवारात आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वारा पेलायला प्रचंड पोलाद लागलं असतं. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या स्टीलच्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या तारेनं विणल्या. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखीच, आणि वारा मात्र आरपार जातो. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात आम्ही शाळेतून रांगेनं जायचो, तेव्हा हे दरवर्षी ऐकलेलं. आमच्या जाळीची भोकं दोन इंचांची. धूर आणि वारा जातो, बिबट्या येत नाही. वेल्डरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, त्यांची तार बारीक. आपली दहा गेजची घेऊ, ह्याला पंजा हाये."

आईचा आणि तबकड्यांचा संबंध वेगळाच आहे. वारा फार झाला की त्या तोंड आभाळाकडे करून उभ्या करतात. आई कपडे काढायचे की नाही ते त्यांच्याकडे बघून ठरवते. कधी त्या दुरुस्तीसाठीही तशा असतात, मग कपडे उगाच आत येतात.

छपराला साधे नालीदार पत्रे. पत्रा ठोकताना खिळा नालीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, नाहीतर वाहतं पाणी त्याच भोकातून आत येतं. हे गवंड्यानं मला सांगितलं आणि वर म्हणाला, "हे कॉलेजात शिकवत नसत्याल." शिकवत नाहीत. मी संगणकवाली आहे. पत्रे पश्चिमेला तीन फूट पुढे काढले, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. पश्चिमेच्या भिंतीला आतून सरपणासाठी फळ्यांचे दोन खण. मृगाच्या आधी भरलेलं सरपण कोरडं राहिलं तर निम्मा धूर तिथेच कमी होतो, हे मला सगळ्या वाचनानंतर पटलेलं एकमेव सोपं सत्य.

चूल आईनंच घातली. वैलाच्या मागे धुराड्यासाठी भोक ठेवायचं म्हटल्यावर आजीनं नाक मुरडलं. १९८३ साली सुरू झालेल्या सरकारी निर्धूर चुलींच्या कार्यक्रमातली एक चूल तिच्या माहेरी आली होती म्हणे. धुराडं कोणी साफ केलं नाही, ते काजळीनं तुंबलं आणि चूल आधीपेक्षा जास्त धुरकटायला लागली. भावजयीनं ती फोडून परत साधी चूल घातली. म्हणून आमच्या सहा इंची पाइपला खाली उघडणारं झाकण आहे आणि दर अमावास्येला ते साफ करायचं काम दादाकडे आहे. तो दोन अमावास्यांतून एक चुकवतो.

चुलीला लागून घराची जी भिंत आहे तिच्या आत न्हाणीघर आहे. भिंतीतून एक पाइप काढला. तापलेलं पाणी आता बादलीनं वाहून न्यावं लागत नाही. हे माझ्या नकाशात नव्हतं, जागा बदलल्यावर आपोआप सुचलं. सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडलेली गोष्टही तीच.

जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात गळलं. धुराडं पत्र्यातून जिथे वर निघतं, तिथून बरोबर तव्यावर थेंब. चर्र, चर्र. आई हसत होती, मी नाही. पत्र्याची कॉलर बसवली, डांबर भरलं. डांबर पाइपाच्या उष्णतेनं मऊ होऊन ओघळलं. मग कॉलर आणखी रुंद केली आणि पाइपाला वर उलट्या छत्रीसारखी एक चकती लावली, तेव्हा थांबलं. अजूनही वळवाच्या सरीला एखादा थेंब येतो. धुराडं पत्र्यातून काढूच नये, बाहेरून न्यावं, हे आता कोणालाही सांगेन.

धूर बंद झालेला नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मी पूर्ण केलेलं नाही, हे मला माहीत आहे. सकाळी काड्या पेटताना पहिली पाच-सात मिनिटं धूर असतोच, पण तो आईच्या तोंडावर न येता अंगणात जातो. जानेवारीत परत तपासणी केली, आकडे आहेत तिथेच आहेत. डॉक्टर म्हणाले, खाली गेले नाहीत हे चांगलं. इनहेलर चालू आहे. ती तो चुलीजवळच्या कोनाड्यात मिठाच्या बरणीशेजारी ठेवते.

लोक घर बघायला येतात ते आता आधी तिथेच थांबतात. अण्णा त्यांना जाळी दाखवतात, गेज सांगतात. जागा कोणी ठरवली ते सांगत नाहीत.

सप्टेंबरच्या शेवटी मी घरून काम करत होते. त्या आठवड्यात पुणे जिल्ह्यात बेदम पाऊस झाला. हस्त लागलं होतं. साडेपाचच्या सुमाराला उगवतीकडून अंधारून आलं, तबकड्या आभाळाकडे फिरल्या, आणि पाच मिनिटांत पाऊस आडवा होऊन पूर्वेच्या जाळीतून थेट आत. मी पश्चिमेची भिंत, तीन फुटांची पागोळी, सगळं केलं होतं आणि पूर्वेला दीड फूटच पत्रा पुढे होता. आजीनं सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं, पण पूर्वेला पत्रा वाढवला तर धूर अडेल म्हणून कमी केला होता.

वहिनी धावत आली, तिच्या हातात निळी ताडपत्री, तीच जुनी. आम्ही दोघींनी ती जाळीला खालच्या बाजूनं चार फुटांपर्यंत बांधली, वरून धूर जायला वाट ठेवून. आजी आतून ओरडून सांगत होती की गाठ कुठे मारायची. आई पाट मागे सरकवून, भिंतीला पाठ टेकवून थापत राहिली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या मे महिन्यात पूर्वेला अडीच फूट पत्रा वाढवायचा आहे, थोडा वर उचलून. वेल्डर म्हणतो, द्राक्षाचं काम संपलं की येतो.